मशीनपुढचा नारळ

गजा ठोंबरे गावात आला तो जीपमधून, आणि तेही पुढच्या सीटवर बसून. सावरोंड्यात याआधी जीप यायची ती मतं मागायला, नाहीतर कुणाला धरून न्यायला, आणि धरलेला माणूस मागं बसायचा. त्यामुळं पदू ठोंबऱ्याचा पोरगा खिशाला दोन पेनं लावून लोधिवलीच्या फाट्यावरून आत वळलाय, ही बातमी जीपच्या आधी जाखमातेच्या देवळापाशी पोचली. गजाही काही कमी नव्हता. उतरताना त्यानं दार जरा जास्तच जोरात आपटलं.

सन शहाऐंशीची खंडेनवमी होती. मुंबईत विद्यापीठाचा 'यंत्राची बुद्धी आणि समाज' नावाचा आठवडा चालला होता. यंत्र विचार करायला लागलं तर संशोधनाचं काय होईल, समाजाचं काय होईल, यावर मोठमोठ्या माणसांनी थंडगार सभागृहात भाषणं केली होती. समाज अर्थात सभागृहात नव्हता, तो हळवं भात कापत होता. हे विभागप्रमुख डॉक्टर सबनिसांच्या उशिरानं का होईना, पण लक्षात आलं आणि त्यांनी समारोप एखाद्या खेड्यात करायचं ठरवलं. कुठल्या खेड्यात, असा प्रश्न निघायचा अवकाश, गजानं हात वर केला. तो त्यांच्या विभागात अधिव्याख्याता होता आणि यंत्राला शिकवणारा प्रोग्रॅम त्यानंच लिहिला होता. आपलं डोकं काय चीज आहे ते आपल्या गावानं एकदा बघावं, एवढीच त्याची इच्छा होती. वाईट इच्छा म्हणता येणार नाही, पण माणसाला खड्ड्यात न्यायला तेवढी पुरते.

गाव मात्र त्या वर्षी हौसेच्या तब्येतीत नव्हतं. गणपतीपासून पोरांचे पाय सुजायला लागले होते. आधी घोटे, मग पिंढऱ्या, मग चार पावलं चाललं तरी धाप. चिंधीचा मुलगा वाल्मिक सर्वपित्रीच्या सुमाराला गेला, त्याच्यामागून खालच्या आळीतली आणखी दोन पोरं गेली. तालुक्याचा डॉक्टर येऊन पांढऱ्या गोळ्या देऊन गेला होता. रक्त कमी आहे, पालेभाजी खा, म्हणाला होता. गाव पालेभाजीच खात होतं, दुसरं होतं काय?

हे सगळं गजाला त्याच्या आत्यानं, अंबूबाईनं, देवळाच्या पायरीवरच सांगितलं. गजाची आई बाळंतपणातच गेली. ते बाळंतपण अंबूबाईनंच केलं होतं, आणि आईमागं पोराला वाढवलंही तिनंच. ती गावची सुईण. खालच्या आळीतलं एकही पोर तिच्या हाताशिवाय जगात आलं नव्हतं. वरच्या आळीतल्या सुना आता कर्जतच्या दवाखान्यात जायच्या, पण जायच्या आधी पोट दाखवायला अंबूबाईकडंच यायच्या.

"पोरं जातायत रं गजा," ती म्हणाली. "माज्या हातची पोरं. रात रात झोप नाय मला."

"बघू आत्ये, कार्यक्रम होऊन जाऊ दे," गजा म्हणाला. त्याचं लक्ष सभामंडपात चाललेल्या मांडामांडीकडं होतं. विद्यार्थी खोक्यातून यंत्र काढत होते आणि त्यातला एक ते पालथं धरत होता.

सभामंडपात वीज होती, म्हणून यंत्र तिथंच मांडलं. थेट देवीच्या समोर, समईच्या उजेडात. टीव्हीसारखं तोंड, पुढं बटणांची पट्टी, बाजूला कागदावर छापणारा डबा. खंडेनवमीला गावात नांगर, कोयते, तराजू, सायकली सगळ्यांची पूजा होते. शिंप्यानं आपलं मशीन पुजलं होतं, गिरणीवाल्यानं जातं पुजलं होतं. मग हेच बिचारं बोडकं का ठेवायचं? अंबूबाईनं आपल्या परसातल्या झेंडूची माळ करून आणली होती, ती गजानं यंत्राला घातली. वर्तमानपत्राचा फोटोवाला म्हणाला, "सर, एक नारळ पण होऊन जाऊ द्या. झकास येईल."

धाकलू गुरव पुढं आला. देवीच्या पूजेत त्याचा जन्म गेला होता. तो हळूच म्हणाला, "गजा, भायेर ओट्यावर फोड. हितं नको. देवीम्होरं नारळ म्हंजे काय, तुला ठावं हाय."

गजाला ठाऊक होतंच. या गावात कुणाचा वाद सुटेनासा झाला की देवीला कौल लावतात. तिच्या छातीवर ओल्या कळ्या चिकटवायच्या, नारळ फोडायचा, समईपुढं प्रश्न विचारायचा. उजवी कळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आणि त्याचे नियम कडक. पडलेला शब्द पाळून घ्यायचं काम नारळ फोडणाऱ्याचंच. तोच प्रश्न चैतातल्या जत्रेपर्यंत पुन्हा विचारायचा नाही. गजाच्या बापानं, पदूनं, एकदा बांधाच्या भांडणात नारळ फोडला होता. शब्द शेजाऱ्याच्या बाजूनं पडला, आणि दुसऱ्या दिवशी पदूनं आपल्याच हातानं आपलाच बांध खणून आत घेतला. लहानगा गजा तेव्हा बापाच्या मागं घमेलं घेऊन उभा होता. त्याला सगळं ठाऊक होतं. फक्त मुंबईत राहून राहून ते त्याला ऐकीव गोष्टीसारखं वाटायला लागलं होतं.

"धाकलूबाबा, पूजा हाय ही. कौल कुटं लावतोय?" असं हसत हसत म्हणत त्यानं नारळ पायरीच्या दगडावर आपटला. पाणी उडालं, विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो निघाला. गावातल्या कुणीच टाळी वाजवली नाही. बायांनी पदर सावरले आणि पुरुषांनी टोप्या नीट केल्या. गजाला वाटलं, आपलं यंत्र बघून गाव दबून गेलंय.

कार्यक्रम मात्र छान रंगला, ते कबूल केलं पाहिजे. सबनीस सरांनी दोन शब्द म्हणून बरेच शब्द बोलून घेतले. मग गजा उठला. त्यानं सांगितलं, "या मशीनला मी भाताबद्दल काहीही शिकवलेलं नाही. तुम्ही नुसती उदाहरणं द्या. कुठल्या वावरात करपा पडला, कुठल्यात नाही. आणि करपा कशानं पडत असेल, त्याचे प्रश्न पण तुम्हीच सांगा. नियम ते आपल्या बुद्धीनं काढेल."

मग गावकीचा म्होरक्या लडकू, म्हातारा पण आवाज अजून खणखणीत, म्हणाला, "माज्या खाचरात पडला. लिव." मग एकेक जण बोलू लागला. पाणी साचतं का, लावणी कधी झाली, शेण घातलं का खत, सावली पडते का. गजा बटणं दाबत होता. शेवटी पडदा क्षणभर काळा झाला आणि हिरवी अक्षरं उमटली. गजानं ती वाचली. ज्या वावरात सावली आहे आणि खत जास्त पडलंय, तिथं करपा.

मंडपात हालचाल झाली. "बराबर हाय की रं," कुणी तरी म्हणालं. "मी काय बोंबलत व्हतो दोन वरसं?" दुसरा म्हणाला. गजाला इतकं बरं वाटलं म्हणता! बायांच्या ओळीत अंबूबाई बसली होती. तिला त्यातलं काही कळलं नव्हतं, पण तिनं शेजारणीला कोपरानं ढोसलं. हा माझा गजा, असं त्या ढोसण्यात होतं.

इथं थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. सबनीस सर आभाराला उठतच होते. तेवढ्यात लडकू उठून उभा राहिला. त्यानं टोपी काढली, यंत्राकडं बघितलं, मग त्याच्यामागच्या देवीकडं बघितलं.

"भाताचं कळतंय याला," तो म्हणाला, "तर आमच्या पोरांचं इचार. आमची पोरं का जातायत?"

नको, असं गजाला वाटलं. पण त्यानं सरांकडं बघितलं आणि सरांचे डोळे चमकत होते. "ठोंबरे, हाच खरा समाज!" ते कुजबुजले. "लोकांचा स्वतःचा प्रश्न! घ्या, घ्या." गजानं घेतला.

घरं सांगून झाली. कुठल्या घरात पाय सुजले, कुठल्यात नाही. मग प्रश्न. कुठल्या विहिरीचं पाणी? घर गवताचं का पत्र्याचं? घरात ढोरं आहेत का? पोरं नदीत डुंबायला जातात का? सुचेल तसं लोक सांगत गेले. गजा लिहीत गेला. मग बायांच्या ओळीतून चिंधी बोलली. वाल्मिक गेल्यापासून तिनं तोंड उघडलं नव्हतं, म्हणून सगळे वळून बघायला लागले.

"नाळ कुनी कापली, त्ये बी इचार," ती म्हणाली.

तिच्या मनात तेव्हा काय होतं, देवीलाच ठाऊक. पोर गेलेली बाई पोराच्या जन्मापासूनची एकेक गोष्ट परत परत चाचपत असते. तसं चाचपताना तिच्या हाताला हे लागलं असेल, दुसरं काही नसेल. गजानं मान वर करून आत्याकडं बघितलं. आत्यानं मान डोलावली. लिही की, तिला काय त्याचं! एकेका घराचं नाव पुकारलं तसं तिनंच उत्साहानं सांगितलं, "हा माज्या हातचा. ही बी माजी. त्यो कर्जतच्या दवाखान्यातला."

गजानं शेवटचं बटण दाबलं.

पडदा काळा झाला, मग अक्षरं आली. विहीर नाही, ढोरं नाहीत, नदी नाही. यंत्रानं एवढ्या प्रश्नांतून एकच प्रश्न उचलला होता. नाळ कापणारी अंबूबाई, तर पाय सुजतात. नाळ दवाखान्यात, तर नाही.

ती अक्षरं इंग्रजी होती आणि गावात वाचणारं कुणी नव्हतं. गजाच्या मनात आलं, उत्तर आलं नाही म्हणून सांगावं. बटण दाबून पडदा पुसावा. एवढं सोपं होतं ते! पण त्याचा हात हलला नाही. हा प्रोग्रॅम त्यानं कित्येक रात्री जागून लिहिला होता आणि तो चालला होता, सगळ्यांसमोर चालला होता. तेवढ्यात सबनीस सर त्याच्या खांद्यावरून वाकले आणि त्यांनी खड्या आवाजात वाचून दाखवलं. "ज्या मुलांची नाळ अंबूबाईंनी कापली, त्यांचे पाय सुजतात! वा! अगदी स्वच्छ नियम. आता या अंबूबाई कोण?"

ते खरोखरच कौतुकानं विचारत होते. बायांच्या ओळीत अंबूबाईच्या दोन्ही बाजूंच्या बाया सरकल्या आणि ती मध्येच एकटी उरली. तिच्या चेहऱ्यावर मघाचं हसू अजून तसंच होतं. ते उतरवायचं तिला सुचलं नव्हतं.

लडकूनं गजाला विचारलं, "गजा, मशीन खोटं बोलतं का रं?"

"मशीन खोटं नाही बोलत," गजा म्हणाला, "पण..."

हा पण कुणीच ऐकला नाही. मशीन खोटं बोलत नाही, हे वाक्य मंडपाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तोंडातोंडी गेलं आणि गाव उठलं. गजा सांगत राहिला, की आपण जेवढं विचारलं त्यातलंच ते उत्तर देतं, कारण वेगळं आणि खूण वेगळी. सबनीस सरसुद्धा म्हणाले, हो हो, तसं शास्त्रीय दृष्ट्या बरोबर आहे. मग ते आणि विद्यार्थी माथेरानला मुक्कामाला निघून गेले. उद्या दुपारी सामान न्यायला जीप येईल, म्हणाले.

गजा गावातच राहिला. संध्याकाळी आत्या चूल पेटवायला उठली. विस्तव संपला की शेजारणीकडून निखारा आणायचा, ही तिची रोजची सवय. त्या दिवशी ती जाऊन आली ती रिकामं भांडं घेऊन. काडेपेटी शोधून चूल पेटवली आणि गजाला भाकरी वाढली.

सकाळी दसरा. घरोघर आंब्याची तोरणं लागली होती, पण अंबूबाईच्या अंगणाला लोक वळसा घालून जात होते. खालच्या आळीतल्या एका पोरीचा श्वास पहाटे फार चढला होता, म्हणून तिच्या आईनं येऊन अंबूबाईच्या दारावर शेण फेकलं. ते तोरणावर बसलं. गजा घाबरला. या मुलुखात चेटकीण ठरलेल्या बाईचं पुढं काय होतं ते त्यानं लहानपणी एका वाडीत बघितलं होतं. त्या बाईचं घर जळलं होतं आणि कुणी पेटवलं ते कुणालाच माहीत नव्हतं.

तो धावतच घरोघर फिरला. कुठला तरी प्रश्न राहून गेलाय, एवढं त्याला पक्कं माहीत होतं. खालच्या आळीतली घरं गरीब, म्हणून तिथली बाळंतपणं अंबूबाईकडं. वरची जरा बरी, म्हणून दवाखान्यात. म्हणजे गरिबीबरोबर आणखी काय जातं? त्यानं मडकी बघितली, पीठ हुंगलं. चिंधीनं त्याला घरात येऊ दिलं. ती भिंतीला टेकून बसली होती आणि तो तिच्या चुलीपाशी उकिडवा बसून शोधत होता. खुंटीला गळ्यात सुतळी बांधलेली तेलाची बाटली लटकत होती. सुटं तेल. त्यानं बोट बुडवून जिभेला लावलं. कडवट लागलं.

वरच्या आळीत सगळीकडं डबे होते, बंद डबे. खालच्या आळीत सगळीकडं सुतळीच्या बाटल्या होत्या. आणि सुटं तेल गावात एकाच ठिकाणी मिळायचं, भिवाजीच्या दुकानात. गणपतीच्या आधी त्यानं स्वस्तात कुठून तरी नवं पिंप आणलं होतं. भिवाजीलाही बहुतेक ठाऊक नव्हतं, त्यात काय मिसळलंय ते. तो स्वतः डब्यातलं खायचा.

गजानं देवळात जाऊन यंत्र लावलं, हा एक प्रश्न वाढवला आणि उत्तर काढलं. या वेळी यंत्रानं नाळेकडं ढुंकूनही बघितलं नाही. सुटं तेल, तर पाय सुजतात. संपलं. गजाला रडूच आलं. छापलेला कागद फाडून घेऊन तो ओट्यावर आला. तिथं गावकी बसली होती.

त्यानं सगळं सांगितलं. आज तो हातवारे करत होता आणि त्याची भाषाही गावाची झाली होती. "तेल बंद करा. आजच्या आज. डॉक्टरला तपासाया देतो मी. आत्येचा काय संबंध नाय, तिला उगाच..."

लडकूनं कागद हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि परत दिला. तो दुष्ट माणूस नव्हता. त्याचा स्वतःचा नातू सुजला होता.

"तेल बंद करू," तो म्हणाला. "भिवाजी, पिंप वत नाल्यात." भिवाजी मान खाली घालून बसला होता. "पन गजा, ह्यो दुसरा कौल झाला."

"कौल कसला? पूजा व्हती ती!"

"देवीम्होरं नारळ तू फोडला. समईपुढं गावानं इचारलं. शबूद पडला. मशीन खोटं नाय बोलत, ह्ये बी तूच बोललास. आता तुजं मानूस निघालं म्हनून परत कळी लावतोस? तुज्या बापानं आपला बांध खनला व्हता रं. त्यानं नाय दुसऱ्यांदा इचारलं."

गजानं धाकलू गुरवाकडं बघितलं. धाकलू दुसरीकडं बघायला लागला. त्यानं आदल्या दिवशी सांगितलं होतं, याहून जास्त तो बापडा काय करणार!

"तिन्हीसांजेला गाव येशीबाहेर सोनं लुटाया जाईल," लडकू म्हणाला. "त्याच्या आधी अंबीला गावाभायेर ने. नारळ तुजा, तूच न्यायाचं. तू नेलीस तर तिच्या अंगाला कुनी हात लावनार नाय, ह्यो माजा शबूद. तू नाय नेलीस, तर मंग माज्या हातात काय नाय."

त्यात दया होती, हेच वाईट. गजा घरी गेला. अंबूबाई दारात बसली होती. तिच्यासमोर ताटलीत आपट्याची पानं होती. दरवर्षी गावातली पोरं तिला सोनं द्यायला पहिल्यांदा यायची, आणि ती त्यांना गूळ-खोबरं द्यायची. खोबरं चिरून ठेवलेलं होतं. दुपार टळली होती आणि ताटलीतलं एकही पान हललं नव्हतं.

"चल आत्ये, मुंबईला माझ्याकडं," गजा म्हणाला. "थोडे दिवस."

तिनं त्याच्याकडं नीट बघितलं. "तू मला न्यायाला आलास, का सोडायाला?"

"न्यायला."

"गावाला काय दिसंल?"

तिचं गाठोडं गजानंच बांधलं. दोन लुगडी, एक तांब्या, आणि नाळ कापायचा विळा फडक्यात गुंडाळलेला. विळा इथंच ठेवायला त्यानं सांगितलं, तर ती म्हणाली, "आदी ह्यो, मंग मी." म्हणून तोही घेतला.

जीप आली. सबनीस सर ताजेतवाने दिसत होते. आत्याला बघून त्यांनी वाकून नमस्कार केला आणि पुढं बसा म्हणाले. ती नाही म्हणाली. ती मागं बसली, यंत्राच्या खोक्याला टेकून. गजाही मागंच बसला. त्याच्या मांडीवर चिंधीकडून घेतलेली तेलाची बाटली होती, वाटेवरच्या चौक गावच्या डॉक्टरकडं द्यायला. घराघराच्या दारात लोक उभे होते. शिवी नाही, दगड नाही. वेशीचा दगड मागं गेला तेव्हा अंबूबाईनं हात जोडले आणि त्याच्यामागून गावात कुठं तरी नारळ फुटल्याचा आवाज आला.

गजाला गप्प बसवेना. "आत्ये, ऐक. तेल बंद झालंय. आता पोरं बरी व्हतील. महिन्याभरात बरी व्हतील, डॉक्टर सांगंल तेल व्हतं म्हणून, आणि मी सोता तुला परत आणीन. बघ तू."

"पोरं बरी व्हतील?"

"व्हतीलच."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि खरंच तिचा चेहरा सैल झाला. मग थोडं अंतर गेल्यावर ती म्हणाली, "पन मंग तर पक्कंच झालं ना रं. अंबी गेली आन पोरं बरी झाली."

जन्मभर आकडे आणि नियम यांत घालवलेल्या माणसाला याचं उत्तर माहीत नव्हतं. त्याच्या यंत्रालाही असतं असं नाही. त्याला आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून ओरडून रडावंसं वाटलं, पण पुढं सर होते. म्हणून तो बाटली घट्ट धरून बसला.

चौकला जीप थांबली. गजा डॉक्टरच्या दारात बाटली आणि चिठ्ठी देऊन आला. तोवर ड्रायव्हरनं चहा सांगितला होता. हॉटेलच्या बाकावर पाच-सहा माणसं बसली होती. त्यांनी जीप बघितली, मागची खोकी बघितली आणि ती आपसात काही तरी बोलली. मग त्यांच्यातला एक उठून आला. डोक्याला फेटा, हातात कोरा नारळ. लांबून चालत आलेला असावा, पायाला धूळ होती.

"सायेब, त्ये कौल देनारं मशीन त्ये ह्येच का?" त्यानं सबनीस सरांना विचारलं. "सावरोंड्याची खबर कालच आली आमच्याकडं. आमच्या बी गावात आना की. आमच्याकडं ढोरं मरतायत. एक बाई हाय, इंदूबाई म्हनून, तिच्यावर समद्यांचा वहीम हाय. नुसतं मशीनला इचारून घ्यायाचंय."

सर खूश झाले. एवढ्या लवकर एवढा प्रतिसाद! आठवड्याच्या अहवालात याहून चांगलं काय लिहायचं? "दिवाळीनंतर जमेल ना, ठोंबरे?" त्यांनी मागं वळून विचारलं.

तो माणूस जीपच्या मागच्या बाजूला आला. खोक्याला टेकून बसलेल्या म्हातारीला त्यानं ओळखलं नाही. कसं ओळखणार? कुणा सायबाची आई असेल, असं समजून त्यानं अदबीनं विचारलं, "काय वो आजी, तुमी बगितलं ना? मशीन खरं बोलतं ना? खोटं तर नाय ना बोलत?"

अंबूबाईनं आधी गजाकडं बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं, त्याला बोलायला जेवढा लागेल तेवढा वेळ. मग तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला.

"नाय बोलत," ती म्हणाली. "आमच्या गजानंच सांगितलं ना, समद्या गावापुढं."

सबनीस सरांनी खिशातलं पेन काढलं आणि त्या माणसाला गावाचं नाव विचारलं.